मावळतीचे दोन तेजस्वी ठिपके आणि छायाचित्रातला तिसरा

सायंतारा
गेले आठ दिवस सूर्यास्तानंतर साधारण पाऊण तासाने मी गच्चीवरून पश्चिमेचे आकाश पाहत आहे. तेथे दोन ठळक ठिपके दिसतात. खालचा इतका तेजस्वी आहे की पहिल्या दिवशी मला तो विमानाचा दिवा वाटला होता. वरचा त्याच्यापेक्षा बराच फिका आहे, पण आसपासच्या कोणत्याही ताऱ्याहून ठसठशीत आहे. खालचा ठिपका त्या वेळी क्षितिजापासून सुमारे अडीच मुठी वर असतो. हात पूर्ण लांब करून मोजले तर पहिल्या दिवशी दोघांमध्ये एक मूठ मावून वर दोन बोटांची जागा उरत होती. काल तेच अंतर जेमतेम तीन बोटे भरले.

माझे प्रश्न असे आहेत. हे दोन ग्रह कोणते, आणि त्यांतला नेमका कोण कोणाकडे सरकत आहे? तसेच, फोनने घेतलेल्या छायाचित्रात या दोघांच्या उजवीकडे थोडा वर एक तिसरा, लहानसा हिरवट ठिपका येतो, तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. तो काय असावा? छायाचित्र सोबत जोडले आहे. पाहणे सोपे जावे म्हणून ठिपक्यांभोवतीचा भाग तेवढा कापून ठेवला आहे.

कोनमापक
खालचा शुक्र आणि वरचा गुरू. सूर्य आणि चंद्र सोडले तर शुक्राइतके तेजस्वी असे आकाशात नेहमी दिसणारे दुसरे काहीच नाही, आणि त्याच्या खालोखाल बहुधा गुरूच असतो. तेजस्वितेची प्रत मोजण्याची पट्टी उलटी चालते, म्हणजे आकडा जितका लहान तितकी वस्तू अधिक तेजस्वी, आणि पाच प्रतींच्या फरकात तेज शंभर पटींनी बदलते. शुक्र साधारण उणे ४ च्या आसपास किंवा त्याहूनही तेजस्वी असतो. गुरू उणे १.६ ते उणे २.९ यांच्या दरम्यान राहतो. रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा व्याध, त्याची प्रत उणे १.४६. म्हणजे गुरू अगदी मंदावला तरी व्याधाला मागे टाकतो. आपण पाहता आहात त्या दोघांत सुमारे दोन प्रतींचा फरक असावा, म्हणजेच शुक्र गुरूच्या सहा-सात पट तेजस्वी दिसत असणार.

मंगळही कधीकधी गुरूच्या तोडीला येतो, पण तो तसा तेजस्वी होतो तेव्हा सूर्याच्या समोरच्या बाजूला असतो, म्हणून सूर्य मावळताना पूर्वेला उगवतो. मावळतीला तेजस्वी मंगळ दिसत नाही.

सरकण्याबद्दल म्हणाल तर दोघेही ताऱ्यांमधून पूर्वेकडे सरकत आहेत. शुक्र सध्या रोज सव्वा अंशाच्या आसपास चालतो आणि गुरू त्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाइतका. त्यामुळे शुक्र गुरूला रोज एकेक अंशाने गाठत आहे. तीन बोटे म्हणजे पाच अंश, तेव्हा पाचेक दिवसांत युती होईल.

पश्चिमरंग
तिसरा ठिपका बुध असावा. तो नेहमी शुक्राच्या आसपासच असतो.

कोनमापक
बुध नसावा. बुध आकाशात सूर्यापासून २८ अंशांपलीकडे कधीच जात नाही. मूळ प्रश्नात दिल्याप्रमाणे शुक्र क्षितिजापासून अडीच मुठी, म्हणजे २५ अंश वर आहे, आणि पाऊण तासात सूर्य क्षितिजाखाली दहाएक अंश गेलेला असतो. म्हणजे शुक्रच सूर्यापासून ३५ अंशांच्या घरात आहे. छायाचित्रातला ठिपका तर शुक्राच्याही वर आहे. बुध पाहायचा असेल तर तो शुक्राच्या खाली, क्षितिजाजवळच्या धुरकट पट्ट्यात शोधावा लागेल.

निशाचर
सर्वांत सोपी कसोटी कोणी सांगितलीच नाही. जो लुकलुकतो तो तारा आणि जो स्थिर प्रकाशतो तो ग्रह. लहानपणापासून मी हाच नियम वापरतो आणि आजवर फसलेलो नाही.

दुर्बीणधारी
नियम चांगला आहे, पण तो कोठे मोडतो हे माहीत नसेल तर फसगत होते. तारे इतके दूर आहेत की आपल्या डोळ्याला ते केवळ बिंदू असतात. वातावरणातील गरम-थंड थरांमधून येताना त्या एकाच बिंदूचा प्रकाश इकडेतिकडे वळतो आणि तारा लुकलुकतो. ग्रहाला लहान का होईना बिंब असते. त्या बिंबाच्या प्रत्येक भागाचा प्रकाश थोडा वेगळ्या वाटेने येतो, एकाची उणीव दुसरा भरून काढतो, आणि एकूण प्रकाश स्थिर राहतो. मात्र क्षितिजापासून दहा अंशांवर असलेल्या वस्तूचा प्रकाश डोक्यावरच्या वस्तूच्या तुलनेत साडेपाच पटींहून अधिक हवेतून येतो. तेथे शुक्रसुद्धा थरथरतो, आणि लालहिरवा होताना मी स्वतः पाहिला आहे. उलट, स्वच्छ आणि शांत हवेच्या रात्री डोक्यावर आलेला तारा इतका निश्चल असतो की त्याला ग्रह समजण्याची चूक सहज होते. बुधाच्या बाबतीत तर हा नियम हमखास निकामी ठरतो, कारण बुध नेहमी क्षितिजालगतच भेटतो.

निशाचर
आपला मुद्दा मान्य आहे. ‘आजवर फसलेलो नाही’ ऐवजी ‘फसल्याचे आजवर कळलेले नाही’ असे वाचावे.

वैमानिक नव्हे
पहिल्या दिवशी खालचा ठिपका विमानाचा दिवा वाटला, असे मूळ प्रश्नात लिहिले आहे. माझे नेमके उलटे झाले होते. एका संध्याकाळी मी घरातल्या सर्वांना खिडकीपाशी बोलावून शुक्र दाखवला, त्याच्या ढगांवरून सूर्यप्रकाश कसा परावर्तित होतो हे समजावून सांगितले, आणि माझे बोलणे संपता संपता शुक्राने डावीकडे वळण घेतले. उतरणीचा मोठा दिवा लावून विमान थेट आपल्या दिशेने येत असते तेव्हा ते काही मिनिटे जागच्या जागी उभे असल्यासारखे दिसते. अशा वेळी निदान दोन-तीन मिनिटे थांबून पाहावे. विमान थोडे वळले की उघडझाप करणारे दिवे दिसतात, आणि पंखांच्या टोकांचे रंगही दिसतात, विमानाच्या डाव्या पंखावर लाल आणि उजव्यावर हिरवा.

शंकासूर
आपण निदान एकाच संध्याकाळी फसलात. मी सलग तीन संध्याकाळी मंगळाचे निरीक्षण करून वहीत टिपणे ठेवली होती. रंग तांबडा, स्थान निश्चित, तेज एकसारखे. चौथ्या दिवशी आकाश पूर्ण ढगाळ असतानाही मंगळ त्याच ठिकाणी दिसला, तेव्हा तो मनोऱ्यावरचा दिवा असल्याचे ध्यानात आले. मनोरा अंधारात दिसत नव्हता एवढेच.

सायंतारा
सर्वांचे आभार. शुक्र आणि गुरू हे उत्तर पटले. काल एक नवीनच गोष्ट घडली. ईशान्येच्या बाजूला जाणारा एक तेजस्वी दिवा बरोबर शुक्र आणि गुरू यांच्या मधून गेला. त्याला आवाज नव्हता, तो उघडझाप करत नव्हता, आणि आकाशाच्या पूर्वेकडच्या भागात पोहोचल्यावर ढग नसताना दोन-तीन सेकंदांत मंद होत विझला. छायाचित्रातला ठिपका म्हणजे हाच तर नसेल?

कोनमापक
आपण पाहिले ते बहुधा आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक. ते सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून फिरते आणि दीड तासात पृथ्वीची एक फेरी पुरी करते. त्याला स्वतःचा दिवा नाही. आपल्याकडे सूर्य मावळला तरी तेवढ्या उंचीवर ऊन असते, आणि त्या उन्हात त्याची मोठी सौरपटले चमकतात. पूर्वेकडे जाता जाता ते पृथ्वीच्या सावलीत शिरते, म्हणून विझल्यासारखे दिसते. सूर्यास्तानंतरच्या आणि सूर्योदयापूर्वीच्या एक-दोन तासांतच ते ठळक दिसते, याचेही कारण हेच आहे.

पण छायाचित्रातला ठिपका ते नव्हे. काही सेकंदांच्या छायाचित्रात स्थानकाची रेघ उमटेल, ठिपका येणार नाही. शिवाय ते रोज त्याच जागी येणार नाही.

पश्चिमरंग
मागे एकदा मला अशा दिव्यांची सरळ रांगच दिसली होती, एकामागून एक, माळेत ओवल्यासारखी.

दुर्बीणधारी
ते स्टारलिंकचे उपग्रह. मे २०१९ मध्ये एकाच अग्निबाणातून ६० उपग्रहांची पहिली तुकडी सोडली, तेव्हापासून अशा रांगा दिसतात. प्रक्षेपणानंतर थोडे दिवस ते एकमेकांजवळ आणि कमी उंचीवर असतात. पुढे ते पांगतात, वर जातात आणि मंदावतात.

मूकवाचक
इतक्या चर्चेची गरज काय, हा प्रश्न मला पडला आहे. आकाश ओळखणारी कितीतरी ॲप्स उपलब्ध आहेत. फोन वर धरला की नाव समोर येते.

निशाचर
मीही तसाच विचार करत असे. एकदा ॲपने मला पश्चिमेच्या लखलखीत शुक्राला शनी म्हणून दाखवले आणि शुक्र शेजारच्या इमारतीच्या भिंतीत असल्याचे सांगितले. ॲपचे गणित बिनचूक होते. फोनच्या पाकिटाला झाकण बंद करण्यासाठी चुंबक होते, आणि त्यामुळे फोनमधले होकायंत्र ३० अंशांनी भरकटले होते. पाकीट काढून फोन इंग्रजी आठच्या आकड्यासारखा हवेत फिरवल्यावर शुक्र भिंतीतून बाहेर आला. तेव्हापासून मी ॲप उघडले की आधी त्याला चंद्र दाखवतो. चंद्र चुकीच्या जागी दिसला तर पुढचे काही विचारत नाही.

पश्चिमरंग
बुध नाही, उपग्रह नाही, तर मग तो तिसरा ठिपका गुरूचा चंद्र असेल. गॅलिलिओने पाहिलेले चार चंद्र लहान दुर्बिणीतूनही दिसतात, मग आजकालच्या फोनच्या कॅमेऱ्यात का येणार नाहीत?

दुर्बीणधारी
आपली चिकाटी वाखाणण्याजोगी आहे. गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये पाहिलेल्या चार चंद्रांपैकी सर्वांत बाहेरचा कॅलिस्टो. तो गुरूपासून जास्तीत जास्त दूर दिसतो तेव्हाही ते अंतर पूर्ण चंद्रबिंबाच्या रुंदीच्या एक तृतीयांशाच्या आसपास असते. जोडलेल्या छायाचित्रात शुक्र आणि गुरू यांच्यात पाच अंश धरले, तर हिरवट ठिपका गुरूपासून निदान दोन अंश दूर आहे, म्हणजे चार चंद्रबिंबे. एवढ्या दूर गुरूचा कोणताही ठळक चंद्र नसतो.

ते चंद्र पाहायचे असतील तर दहा पट मोठे दाखवणारी द्विनेत्री दुर्बीण पुरते, पण ती हातात धरून नव्हे. मी दोन्ही कोपर गच्चीच्या कठड्यावर टेकवतो, दुर्बिणीच्या पुढच्या भागाखाली उशी ठेवतो आणि श्वास क्षणभर रोखतो. हाताची थरथर थांबली की गुरूच्या दोन्ही बाजूंना, एका रेषेत, टाचणीने टोचल्यासारखे बारीक ठिपके दिसू लागतात. दोन तासांनी पुन्हा पाहिले तर सर्वांत आतला आयो सरकल्याचे कळते, कारण तो पावणेदोन दिवसांतच गुरूची फेरी पुरी करतो. सूर्य पूर्ण मावळल्याशिवाय मात्र पश्चिमेकडे दुर्बीण लावू नये. चुकून सूर्य दुर्बिणीत आला तर डोळा कायमचा जाऊ शकतो.

वैमानिक नव्हे
मी फोनचा झूम पूर्ण वाढवून पाहिले तेव्हा शुक्र स्पष्टपणे अर्धा दिसला. त्याच्या कला फोनमध्येही दिसतात असे म्हणायला हरकत नाही.

दुर्बीणधारी
याला माझी हरकत आहे. शुक्राला चंद्राप्रमाणे कला असतात हे खरे, पण सध्या तो पृथ्वीपासून बराच दूर आहे. आता त्याचे बिंब लहान आणि अर्ध्याहून बरेच अधिक प्रकाशित असले पाहिजे, कारण तो गेल्या काही आठवड्यांपासून सूर्यापासून दूर दूर जात वर चढत आहे. सूर्यापासून त्याचे अंतर ४५ ते ४७ अंश होते, त्या सुमारास तो अर्धा दिसतो. त्यानंतर तो पृथ्वीकडे येताना कोर बारीक होत जाते आणि बिंब मोठे होते. तेव्हा ती साध्या दुर्बिणीतही कळते. फोनमध्ये दिसलेला अर्धा आकार म्हणजे बहुधा हललेला हात किंवा भिंगावरचा बोटाचा ठसा.

मूकवाचक
ठिपका हिरवट आहे म्हणता, तर युरेनस असेल का? त्याचा रंग हिरवट-निळा असल्याचे वाचले आहे.

कोनमापक
युरेनसची प्रत ५.७ च्या आसपास असते. पूर्ण काळोख्या आकाशातही तो नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसतो. संधिप्रकाशातल्या छायाचित्रात युरेनस यायचा असता तर त्याच्याआधी कितीतरी तारे आले असते. मी ते छायाचित्र मोठे करून पाहिले. त्यात गुरूजवळ पुनर्वसूच्या दोन तारका ओळखता येतात, त्या युरेनसच्या कित्येक पट तेजस्वी आहेत, तरीही हा हिरवा ठिपका त्यांच्याहून ठळक आहे. म्हणजे तो नुसत्या डोळ्यांना सहज दिसायला हवा होता. तसेच, डोळ्यांना हिरवा दिसणारा तारा नसतो. ज्याचा सर्वाधिक प्रकाश हिरव्या भागात पडतो तो तारा बाकीचे सर्व रंगही सोबत पाठवतो, आणि म्हणून आपल्याला पांढराच दिसतो.

डोळ्याला न दिसणारी, कॅमेऱ्याला मात्र ठळक आणि हिरवी दिसणारी वस्तू म्हटल्यावर मला आकाशापेक्षा कॅमेऱ्याचीच शंका अधिक येते. सायंतारा, आपण न कापलेले मूळ छायाचित्र दाखवू शकाल का?

सायंतारा
जोडले आहे. त्यात खाली डाव्या कोपऱ्यात रस्त्यावरचा दिवा आला होता. तो वाईट दिसत होता म्हणूनच मी तेवढा भाग कापला होता.

कोनमापक
सापडला. छायाचित्राचा मध्यबिंदू काढा आणि दिव्यापासून त्या मध्यबिंदूतून एक सरळ रेघ ओढा. मध्याच्या पलीकडे, दिव्याइतक्याच अंतरावर, रेघ नेमकी हिरव्या ठिपक्यावर पोहोचते. तो त्या दिव्याचेच प्रतिबिंब आहे. तेजस्वी प्रकाश कॅमेऱ्याच्या आत भिंगांच्या पृष्ठांवरून आणि संवेदकावरून मागेपुढे परावर्तित होतो आणि मध्याच्या विरुद्ध बाजूला त्याची उलटी, लहान छाया पडते. भिंगांवरील परावर्तनरोधक लेपामुळे ती बहुतेक वेळा हिरवट दिसते. पडताळा घ्यायचा असेल तर फोन थोडा हलवून दुसरे छायाचित्र घ्या. शुक्र आणि गुरू यांचे आपसातले स्थान तसेच राहील, ठिपका मात्र त्यांच्या तुलनेत सरकेल.

सायंतारा
आत्ताच करून पाहिले. फोन उजवीकडे वळवल्यावर ठिपका गुरूला सोडून पार दुसरीकडे गेला. नंतर पाण्याच्या टाकीच्या आडोशाला उभे राहून दिवा झाकला, तेव्हा तो नाहीसाच झाला. आठ दिवस मी त्या ठिपक्याचे नाव शोधत होतो आणि तो रस्त्यावरचा दिवा निघाला.

शंकासूर
स्वागत असो. माझा मंगळ आणि आपला हिरवा ग्रह यांची युती कधी होते ते पाहायला हवे.

पश्चिमरंग
युतीवरून एक प्रश्न. या दोघांची युती होईल तेव्हा ते एकच तारा असल्यासारखे दिसतील का?

दुर्बीणधारी
प्रत्येक युतीत अंतर वेगळे असते. शुक्र आणि गुरू १ मार्च २०२३ च्या सुमारास अर्ध्या अंशाच्या आसपास, म्हणजे चंद्रबिंबाच्या रुंदीइतके जवळ आले होते. २१ डिसेंबर २०२० रोजी गुरू आणि शनी एकदशांश अंशावर आले. इतके जवळ ते त्याआधी १६२३ मध्ये होते. तरीही नीट पाहणाऱ्याला ते दोन वेगळे ठिपकेच दिसत होते. हे जवळ येणे केवळ दिशेचे असते. त्या संध्याकाळी शनी गुरूच्या मागे ७० कोटी किलोमीटरहून अधिक दूर होता.

याहून मला १ डिसेंबर २००८ ची संध्याकाळ अधिक आठवते. आशियात अनेकांना शुक्र आणि गुरू हे दोन डोळे आणि खाली चंद्रकोर असा हसरा चेहरा दिसला. त्याच दिवशी पश्चिम युरोपात मात्र चंद्राने शुक्राला झाकूनच टाकले. चंद्र इतका जवळ आहे की पृथ्वीवरची जागा बदलली की ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर त्याची जागाही बदलते. ग्रहांच्या बाबतीत हा फरक डोळ्यांना जाणवत नाही.

सायंतारा
पंधरा दिवसांनी पुन्हा लिहीत आहे. युतीच्या संध्याकाळी दोघांमध्ये माझ्या करंगळीची रुंदी आणि थोडे वर एवढे अंतर होते, म्हणजे दीड अंशाच्या आसपास. दुसऱ्याच दिवसापासून शुक्र वर आणि गुरू खाली झाला. आज अंतर एक मूठ भरले. गुरू आता रोज थोडा लवकर मावळतो आहे.

कोनमापकांनी सांगितल्याप्रमाणे बुधही शोधला. सूर्यास्तानंतर ४० मिनिटांनी, गुरूच्या खाली, क्षितिजापासून मूठभर उंचीवर तो आधी दुर्बिणीत आणि मग नुसत्या डोळ्यांना दिसला. तो पिवळसर होता आणि चांगलाच लुकलुकत होता. याही वेळी छायाचित्र घेतले, आणि घेण्यापूर्वी चौकटीचे चारही कोपरे तपासले.

मूकवाचक
तुमच्यामुळे मीही काल बाहेर पडलो. आग्नेयेला क्षितिजाच्या थोडे वर एक तांबूस, ठळक ठिपका होता. तो मंगळ असावा का?

कोनमापक
त्या बाजूला वृश्चिकेतली ज्येष्ठा असण्याचा संभव अधिक आहे. तिचा रंग मंगळासारखाच असल्यामुळे तिचे ग्रीक नावच ‘मंगळाचा प्रतिस्पर्धी’ अशा अर्थाचे आहे. आज दोन तासांच्या अंतराने दोनदा पाहून ती किती वर सरकली ते कळवा.

शंकासूर
आणि मुळीच सरकली नाही, तर माझ्या मंगळाची टिपणे आपल्याला पाठवतो.